जखमेसाठी चरबीतल्या स्टेम सेल: होकार देण्याआधी आणि दिल्यानंतर

मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त झाल्यापासून बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, नवापुरा, वाडी या भागांत घरी जाऊन ड्रेसिंग करते. माझे बहुतेक पेशंट मधुमेहाचे आहेत. महिनोन्‌महिने पायाची जखम सांभाळत बसलेले. हल्ली त्यांच्या मुलांच्या मोबाइलवर जाहिराती येतात: पोटाची चरबी काढायची, तिच्यातल्या स्टेम सेल जखमेत सोडायच्या, पाय वाचेल. मग घरातलं कोणीतरी मला जिन्यापर्यंत सोडायला येतं आणि हळूच विचारतं, "सिस्टर, करून घ्यायचं का?" जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या पेशींत खरोखर काहीतरी आहे, त्यांना थोतांड म्हणू नका. पण त्या तयार केलेल्या जखमेतच काम करतात. आणि आपल्या देशात हा उपचार आज मान्यता मिळालेल्या चाचणीच्या, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या, चौकटीतच घ्यायचा असतो. तेव्हा आधी जखम तयार करा, मग कागद तपासा, आणि मगच चरबी काढू द्या. हा क्रम उलटा झाला की पैसा जातो, आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे वेळ जातो.

या पेशी करतात काय

लायपोसक्शनमध्ये, म्हणजे नळीने ओढून, काढलेली चरबी पूर्वी सरळ टाकून देत. 2001 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या टाकाऊ चरबीत अशा पेशी, म्हणजेच स्टेम सेल, आहेत, ज्या प्रयोगशाळेत हाड, कूर्चा, स्नायू, चरबी अशा वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. अशाच पेशी अस्थिमज्जेतही असतात. पण तिथे त्या फार विरळ, दहा हजार ते एक लाख पेशींत एखादी. शिवाय मज्जा काढायची तर कमरेच्या हाडात सुई घालावी लागते. चरबी मिळवणं त्या मानाने सोपं, आणि तिच्यात या पेशींचं प्रमाणही कितीतरी जास्त. संशोधकांची नजर पोटाकडे वळली ती यामुळे.

पुष्कळांची समजूत असते की या पेशी जखमेत सोडल्या की त्यांचीच कातडी होते. तसं होत नाही. सोडलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत नाहीशा होतात. तेवढ्या वेळात त्या मुकादमाचं काम करतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, सूज आवरावी, आजूबाजूच्या पेशींनी कोलॅजन विणायला घ्यावं, यासाठी लागणारी रसायनं त्या सोडतात. त्यातल्या व्हीईजीएफ या प्रथिनाचं नाव माहितीपत्रकात हमखास दिसेल. ते नव्या रक्तवाहिन्यांसाठी असतं. म्हणजे बांधकाम करायचं ते आपल्या शरीरालाच. पायात रक्तच पोचत नसेल, जखमेत पू असेल, तिच्यावर रोज सत्तर किलोचं वजन पडत असेल, तर मुकादम कितीही हुशार असला तरी सामान आणि माणसं आणणार कुठून?

आधी जखम तयार करा

हा भाग मी सगळ्यात सविस्तर लिहितेय, कारण निम्मी लढाई इथेच असते. जाहिरातीत मात्र यातलं काहीच नसतं.

पहिली गोष्ट पायावरचा भार. मधुमेहात पायाची संवेदना गेली की माणूस जखमेवरच चालत राहतो, कारण दुखत नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांसोबत काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं होतं: बोटं आजाराने आपोआप सडत नाहीत, वेदना नसल्यामुळे ती झिजतात, भाजतात, दाबाने फुटतात. पावलाला सगळीकडून घट्ट बसणारं प्लॅस्टर घालून भार वाटून द्यायची पद्धतही त्यांच्यामुळेच पुढे मधुमेहाच्या पायासाठी रूढ झाली. तळपायाच्या जखमेवर आजही हा उपाय पहिल्या रांगेत आहे. पण रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा जंतुसंसर्ग जोरात असेल तर हे प्लॅस्टर चालत नाही. ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही विचारायचं एवढंच: "साहेब, भार कसा काढायचा? प्लॅस्टर, बूट, की फेल्टचं पॅड?"

घरात काय होतं तेही सांगते. "मी चालतच नाही हो, फक्त बाथरूमपर्यंत जाते" म्हणणाऱ्या काकू देवघरात, स्वयंपाकघरात, गॅलरीत कपडे वाळत घालायला, सगळीकडे जातात, आणि अनवाणी जातात. आपल्याकडे घरात चप्पल घालायची नाही ही रीत पक्की. मी प्रत्येक घरी सांगते, घरातल्यासाठी वेगळी, स्वच्छ, मऊ एमसीआर रबरची चप्पल घ्या. ती बाहेर जाणार नाही आणि देवालाही चालेल. ज्यांच्या पायाला प्लॅस्टर नाही त्यांच्या पलंगाजवळ कमोड खुर्ची ठेवली, तर रात्रीच्या खेपा वाचतात. हे कोणाला किरकोळ वाटेल, पण जखम त्याच खेपांमुळे उघडी राहते.

दुसरी गोष्ट रक्त. डॉक्टरांनी पायाची नाडी बोटांनी तपासली का, हे बघा. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, त्याला एबीआय म्हणतात. ते 0.9 च्या खाली असेल तर पायाला रक्त कमी पोचतंय. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे हा आकडा कधीकधी खोटा चांगला दिसतो. 1.3 च्या वर आला तर खूश होऊ नका. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब किंवा कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. वाहिनी अडलेली असेल तर आधी ती उघडायची, अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने. रक्तवाहिन्यांच्या सर्जनला न दाखवता थेट स्टेम सेलचा प्रस्ताव देणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: डॉपलर कुठे आहे?

तिसरी गोष्ट जंतू आणि हाड. जखमेत निर्जंतुक सळई घातल्यावर ती टणक हाडाला लागली, तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता मोठी. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो, म्हणून एकाच एक्स-रेवर निश्चिंत होऊ नका. गरज पडली तर एमआरआय होईल. सडलेलं हाड आत ठेवून वर पेशी सोडल्या, तर वरून बंद झालेली जखम आतून पुन्हा फुटते.

मेलेलं मांस आणि कडेचा घट्टा वेळोवेळी काढावा लागतो. ते काम डॉक्टरांचं. दाढीच्या ब्लेडने घट्टा तासणारे आजोबा मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. घरच्या ड्रेसिंगला साधं सलाइन पुरतं. मेडिकलमधून बाटली आणायची, उघडल्याची तारीख-वेळ तिच्यावर लिहायची आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. रोजच्या रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. त्याने फेस येतो म्हणून जखम साफ झाल्यासारखी वाटते, पण नवं लाल मांस धरणाऱ्या पेशीही त्यात मरतात. हळद-तेल, कोरफड, चुना, टूथपेस्ट, यातलं काहीही जखमेत जाऊ देऊ नका. जखम कोरडी पडून खपली धरली म्हणजे बरी होतेय, हीसुद्धा जुनी समजूत आहे. जखमेला ओलसरपणा हवा, चिखल नको.

शुगरबद्दल तुम्हाला ठाऊकच आहे. शस्त्रक्रियेआधी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 8 च्या आसपास किंवा खाली आणा, असं बहुतेक सर्जन सांगतात. प्रथिनांकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होतं. जखम झालेल्या माणसाला साधारण किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि आजींच्या ताटात असतो वरण-भात आणि एक फुलका. मूग, मटकी, पनीर, ताक, चालत असेल त्यांनी अंडं, हे रोजच्या जेवणात वाढवा. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि तंबाखू. मावा, गुटखा, तपकीर, विडी, काहीही असो, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. प्लास्टिक सर्जन चार आठवडे आधीपासून बंद करायला सांगतात ते याचसाठी.

आता मोजणी. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, जखमेवर स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक धरून कडेने मार्करने रेघ काढा. जखमेला लागलेली बाजू पुसून टाका, तारीख लिहा, फाइलमध्ये ठेवा. शेजारी पट्टी ठेवून तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. नुसत्या नजरेवर विसंबू नका, रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. नीट उपचार चालू असताना चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं, तर ती पुढेही बहुधा भरते. झालं नाही, तर थांबून पुन्हा तपासायचं: भार, रक्त, हाड, जंतू, शुगर.

नवापुऱ्यातल्या एका काकांच्या अंगठ्याखाली जखम होती. मुलाने एका ठिकाणी स्टेम सेलसाठी आगाऊ रक्कम भरायची तयारी केली होती. मी म्हटलं, महिनाभर थांबा, आधी प्लॅस्टर घालून घेऊ आणि दर सोमवारी रेघ काढू. त्या कागदांवर एका आत एक लहान होत गेलेल्या रेघा पाहून काकांनीच मुलाला सांगितलं, पैसे राहू दे. प्रत्येकाचं असं होत नाही, हेही खरं. ज्यांचं होत नाही, त्यांच्यासाठीच पुढचं लिहितेय.

त्याआधी एक इशारा. वर्षानुवर्षं न भरणारी जखम, विशेषतः जुन्या भाजल्याच्या व्रणावरची, कडा उचललेल्या, फुलकोबीसारखं मांस वाढलेलं, हात लावताच रक्त येणारं, असं काही दिसलं तर बायोप्सीशिवाय पुढे जाऊ नका. अशा व्रणात कर्करोग होऊ शकतो. त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. वॉर्डात असताना मी असे पेशंट पाहिले आहेत. नव्या रक्तवाहिन्या फुटवणारी रसायनं तिथे सोडणं म्हणजे काय, हे तुमच्या लक्षात येईल.

पुरावा कुठवर आला आहे

दक्षिण कोरियातला 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी सगळ्यांना सांगते. मधुमेही पायाच्या जखमांवर, दुसऱ्या निरोगी माणसाच्या चरबीतून वाढवलेल्या पेशी हायड्रोजेलच्या पातळ पडद्यात घालून लावल्या. तुलनेच्या गटाला पॉलियुरेथेनचा साधा पडदा. बारा आठवड्यांनी पेशींच्या गटात 82 टक्के जखमा पूर्ण बंद झाल्या, साध्या पडद्याच्या गटात 53 टक्के. पेशींनी फरक पडला, हे उघड आहे. पण माझी नजर त्या 53 वर जाते. पेशी न लावतासुद्धा निम्म्याहून जास्त जखमा बंद झाल्या, कारण चाचणीत सगळ्यांचीच जखम साफ ठेवली जात होती, भार काढला जात होता, नेमाने तपासणी होत होती. रुग्ण मात्र दोन्ही गट मिळून साठाच्या आतच होते. एवढ्याशा अभ्यासावर खात्रीची भाषा करता येत नाही.

ही सावधगिरी का, तर त्याचं उदाहरणही याच पेशींचं आहे. क्रोन या आतड्याच्या आजारात गुदद्वाराजवळ नासूर होतात आणि ते भरत नाहीत. चरबीतल्या पेशींचं अलोफिसेल नावाचं इंजेक्शन त्यासाठी युरोपात 2018 मध्ये मंजूर झालं. केवढी आशा होती! पुढे त्याहून मोठी चाचणी केली, तेव्हा ते साध्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही, आणि 2024 च्या डिसेंबरात ते युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. तज्ज्ञांनी, नियमात राहून केलेल्या कामाचं असं होऊ शकतं, तर कोपऱ्यावरच्या क्लिनिकच्या "शंभर टक्के रिझल्ट" या शब्दांना किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि "तुमचीच चरबी, तुमच्याच पेशी, धोका कसला" हे वाक्य कानावर आलं, तर फ्लोरिडातल्या तीन बायका आठवा. स्वतःच्याच चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्यावर त्यांची दृष्टी गेली. ही हकिगत 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. त्यांनी पैसे मोजून ते करून घेतलं होतं.

स्वतःच्या पेशींबद्दल आणखी एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. वय झालेल्या आणि दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाच्या चरबीतल्या पेशी तरुण, निरोगी माणसाच्या पेशींइतक्या जोमदार नसतात. म्हणून काही चाचण्या मुद्दाम दात्याच्या पेशी वापरतात. तुमच्या बाबतीत कोणत्या वापरणार, हे विचारायला संकोचू नका.

कागद तपासा

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मज्जारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. एखाद्या उत्पादनाला औषध नियंत्रकांनी रीतसर मंजुरी दिली तर गोष्ट वेगळी. तशी मंजुरी आपल्याकडे बंगळुरूच्या एका उत्पादनाला मिळालेली आहे, पण ते अस्थिमज्जेतल्या पेशींचं आहे, आणि बर्जर आजारासारख्या, पायाच्या रक्तवाहिन्या अडवणाऱ्या आजारांसाठी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी आहे.

चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. कोणी "ट्रायल आहे, पण पॅकेज इतक्या लाखांचं" म्हणालं, तर तिथेच उठा. प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. 2009 च्या जूनपासून ती सक्तीची आहे. क्रमांक सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, मग वर्ष आणि महिना येतो. तो मागून घ्या आणि घरी मुलाला किंवा नातीला संकेतस्थळावर शोधायला सांगा. तिथे चाचणी कोणत्या आजारासाठी आहे, कोणत्या गावांत चालू आहे, भरती सुरू आहे की बंद, हे सगळं दिसतं. गुडघेदुखीसाठी नोंदवलेला क्रमांक दाखवून कोणी पायाच्या जखमेवर उपचार करत असेल, तर ते तिथेच उघडं पडतं.

याशिवाय त्या संस्थेची एथिक्स कमिटी, म्हणजे रुग्णांचं हित बघणारी समिती, नोंदणीकृत आहे का आणि स्टेम सेल संशोधनासाठीची वेगळी समिती आहे का, हे विचारा. संमतिपत्र घरी आणून वाचा. ते तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळायला हवं. आपल्या बडोद्याच्या घरांत आजोबा मराठी वाचतात आणि नातू गुजराती, तेव्हा जो सही करणार त्याच्या भाषेतलं मागा. त्यात कधीही बाहेर पडायचा हक्क लिहिलेला असतो, आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. ती ओळ बोट ठेवून वाचा. एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

नावांची गल्लतही होते. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटचा दाट द्रव, त्यात स्टेम सेल नसतात. चरबीचं रोपण ही प्लास्टिक सर्जन बऱ्याच वर्षांपासून करतात ती शस्त्रक्रिया, आकसलेल्या व्रणांसाठी, रेडिएशनने कडक झालेल्या कातडीसाठी. नॅनोफॅट म्हणजे तीच चरबी बारीक करून गाळलेली. कोलॅजिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, घालून चरबी विरघळवली आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तळाशी पेशींचा जो गोळा बसतो त्याला एसव्हीएफ म्हणतात. त्यात स्टेम सेल थोड्या, बाकी रक्तवाहिन्यांच्या आणि रक्ताच्या पेशी मिश्र. आणि प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवलेल्या शुद्ध स्टेम सेल हा सगळ्यात वेगळा प्रकार. डॉक्टरांना सरळ विचारा, यातलं नेमकं काय करणार. उत्तरात "सगळं एकच असतं हो" आलं, तर दुसरं मत घ्यायला बाहेर पडा.

चरबी काढण्याचा दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी आठवडाभर आधी सर्जनला द्या. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी चालू असेल तर तीही सांगा, ती शस्त्रक्रियेआधी काही दिवस थांबवावी लागते. पूर्वी कधी भूल देताना त्रास झाला असेल तर तो फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.

प्रत्यक्ष काम बहुधा पोटावर किंवा मांडीवर होतं. सलाइनमध्ये लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रिनॅलिन मिसळून ते कातडीखाली भरतात. त्याने भाग बधिर होतो, रक्त कमी येतं. थोडा वेळ थांबून बारीक छिद्रातून बोथट नळी घालतात आणि चरबी ओढून घेतात. ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं जाणवतं, पण धारदार दुखू नये. दुखलं तर लगेच सांगा. चरबी हलकी, ती वर तरंगते आणि रक्त-पाणी खाली बसतं. धुऊन झाल्यावर पुढची प्रक्रिया. एसव्हीएफ असेल तर पेशी त्याच दिवशी जखमेत जातात. वाढवायच्या असतील तर तुम्हाला घरी सोडतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. त्या मधल्या काळात ड्रेसिंग, भार, शुगर सगळं तसंच चालू ठेवायचं. "आता पेशी येणारच आहेत" म्हणून लोक ढिले पडतात, मी याच काळात जास्त खेपा घालते.

पेशी जखमेच्या तळाशी आणि कडांमध्ये टोचतात, किंवा फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) गोंदात मिसळून वर पसरतात. त्याआधी जखम पुन्हा एकदा खरवडून स्वच्छ केली जाते, म्हणून ड्रेसिंगला थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका.

घरी आल्यावर

आता सांभाळायला दोन जागा असतात. लोकांचं सगळं लक्ष पायाकडे असतं आणि पोटाचा पट्टा तसाच सैल लोंबत राहतो. पट्टा सर्जनने सांगितलेले आठवडे, अंघोळीपुरता काढून, दिवसरात्र बांधा. आत सुती बनियन घाला, बडोद्याच्या उन्हाळ्यात घामाने कातडी सोलवटते. निळे-काळे डाग आणि सूज येणारच, ते उतरतात. पाणी भरून थुलथुलीत फुगवटा आला, एका जागी लाली आणि उष्णता वाढली, तर दाखवायला जा.

जखमेवरचं पहिलं ड्रेसिंग डॉक्टर सांगतील तोवर उघडायचं नाही. पाहुणे येतात, "बघू तरी कसं झालंय" म्हणतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. उघडल्यानंतरही सलाइनशिवाय काही वापरायचं नाही. बेटाडिन, स्पिरिट, पेरॉक्साइड, पावडर, यातल्या कशानेही नुकत्या सोडलेल्या नाजूक पेशी मरतात. ड्रेसिंगला दुसरी सिस्टर किंवा कंपाउंडर येणार असेल तर हे कागदावर लिहून पलंगाजवळ चिकटवा. मी माझ्या पेशंटकडे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते: "फक्त सलाइन".

ताप, थंडी, दुर्गंधी, वर सरकणारी लाली, काळं पडणारं बोट, अचानक वाढलेली शुगर, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, छातीत कोंडलं, तर लगेच 108 ला फोन करा. चरबी काढल्यानंतर असं क्वचितच होतं, पण तेव्हा मिनिटं मोजायची असतात. संमतिपत्रावरचा, चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांचा नंबर घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि कोणताही त्रास झाला तर तो चाचणीच्या नोंदीत लिहून घ्यायला सांगा. तुम्ही दडवलेला त्रास पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येतो.

रेघांचे कागद आणि फोटो दर आठवड्याला चालूच ठेवा. पेशी सोडण्याआधीचे चार आणि नंतरचे, सगळे एका फाइलमध्ये असले की डॉक्टरांनाही बोलायला आधार मिळतो. फरक पडला नाही, तर "अजून एक डोस घेऊन बघू" म्हणण्याआधी पुन्हा डॉपलर आणि हाडाची तपासणी मागा.

जखम भरली तर आनंद आहेच. पण मधुमेही पायाची भरलेली जखम वर्षभराच्या आत पुन्हा उघडण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्के आहे, मग ती कशानेही भरलेली असो. संवेदना परत आलेली नसते. म्हणून रोज रात्री तळपायाखाली आरसा धरून बघा, किंवा घरच्यांनी बघा. दिसायला कठीण जात असेल तर बोटांच्या बेचक्यांतून मऊ कापड फिरवा, ओल किंवा रक्त लागलं तर कळतं. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा-खिळा तपासा. बडोद्यात उन्हाळ्यात देवळाच्या फरशीने तळवे भाजतात, तिथे जाडसर मोजे घाला आणि सकाळी लवकर जा. नवरात्रात मैदानावर अनवाणी गरबा खेळायची सगळ्यांनाच हौस असते. ज्यांच्या पायाला स्पर्श कळत नाही त्यांनी बूट घालून कडेला खुर्चीत बसावं आणि टाळ्या द्याव्यात. आजूबाजूच्यांनी त्यांना हात धरून आत ओढू नये.

आणि फाइल टाकून देऊ नका. कोणत्या चाचणीत होतात, तिचा क्रमांक, पेशी स्वतःच्या की दात्याच्या, कोणत्या तारखेला सोडल्या, एवढं एका कागदावर लिहून शुगरच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवा. उद्या एसएसजीच्या, म्हणजे बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलच्या, कॅज्युअल्टीत जावं लागलं किंवा मुलाकडे पुण्याला राहायला गेलात, तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.